शेरू आहे तोवर

आमच्या व्हॅनमधून संध्याकाळी लसींचा डबा उतरतो, वजनकाटा उतरतो, पट्टे आणि मुसकी उतरतात. किस्से तेवढे उतरत नाहीत. ते मागच्या सीटखाली साचत जातात आणि कुणी चहाला भेटलं की आपोआप बाहेर येतात. माणसांच्या डॉक्टरांना पेशंटच्या गोष्टी बाहेर सांगायची बंदी असते. आम्ही जनावरांचे डॉक्टर. आमचे पेशंट तक्रार करत नाहीत, आणि त्यांच्या मालकांबद्दल गप्प बसा असं आम्हाला आजवर कुणी सांगितलेलं नाही!

आम्ही तिघं. चौधरी सर, जळगावातला दवाखाना त्यांचा. मी त्यांच्या हाताखालची डॉक्टर. आणि सलीमभाई, व्हॅन चालवणारे, कुत्रं धरणारे आणि स्वतःच्या घरी फक्त मांजरं पाळणारे. मांजर म्हातारं झालं तरी कुणाला कळू देत नाही, हा त्यांच्या मते मांजराचा सगळ्यात मोठा गुण.

सर कुठल्याशा परिषदेला गेले आणि डोक्यात एक किडा घेऊन परत आले. कुत्रा आपल्याच घरात राहतो, आपलीच हवा घेतो, आपलंच उरलंसुरलं खातो आणि आपल्यासारखाच म्हातारा होतो, फक्त जरा घाईनं. मग त्याचं म्हातारपण नीट बघितलं तर आपलंही थोडं समजेल की नाही? जगभर यावर काम चाललंय आणि आपण काय करतोय, तर वाढदिवसाला कुत्र्याला केक चारतोय. हे सर इतक्या पोटतिडकीनं सांगायचे की ऐकणारा हातातलं बिस्कीट खाली ठेवायचा. सर ठेवायचे नाहीत.

*

पहिल्या रविवारी दवाखान्याबाहेर बोर्ड लावला, 'वयस्कर कुत्र्यांची मोफत तपासणी'. मोजून चार-पाच कुत्री आली. सर प्रत्येक मालकाला बसवून सविस्तर विचारत होते. भूक कशी आहे, जिना चढताना धाप लागते का, रात्री उगाच उठून घरभर फिरतो का, हाक मारल्यावर पहिल्यासारखं वळून बघतो का, एकटा एकटा बसतो का.

कोपऱ्यातल्या बाकावर एक नाना सकाळपासून बसले होते. धोतर, टोपी, हातात पिशवी. प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होते. सगळे गेले तरी उठेनात. शेवटी सरांनी विचारलं, नाना, तुमचा कुत्रा कुठाय?

"कुत्रा नाही," नाना म्हणाले. "पण तुम्ही विचारताय ते सगळं मला होतं. घरात एवढं कुणी विचारत नाही, म्हणून बसलो."

सर उठून शेजारी बसले. त्यांनी नानांना चहा पाजला, ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. मला भरून आलं होतं. तेवढ्यात सलीमभाई काटा घेऊन आले आणि त्यांनी अदबीनं विचारलं, नानांचं वजन करून घेऊ का? नाना लगेच चढले.

*

जळगावातला ब्रुनो हा लॅब्रॅडॉर म्हणजे चार पायांवर ठेवलेलं पिंप होतं. सरांच्या शास्त्रात पहिली ओळच ही की सडपातळ कुत्रं जास्त जगतं. ब्रुनोच्या घरचे शपथेवर सांगत होते की तो एक भाकरी खातो. खोटं नव्हतं ते. सून एक भाकरी द्यायची. सासू एक द्यायची. मुलगा ऑफिसला निघताना चहातले टोस्ट द्यायचा. प्रत्येकाच्या हिशोबानं ब्रुनो एकच भाकरी खात होता आणि बाकीचे निर्दयी होते.

सरांनी सगळ्यांना समोरासमोर बसवलं. खाऊ घालणं बंद, आणि सकाळ-संध्याकाळ फिरवणं सुरू. फिरवायचं काम घरातल्या आबांकडे दिलं, कारण त्यांची शुगर वाढलेली होती. एका दगडात दोन पक्षी, असं सर मला गाडीत म्हणाले. स्वतःवर बेहद्द खूश होते.

काही आठवड्यांनी आबा ब्रुनोला घेऊन आले. आबा टुणटुणीत! शुगर उतरली, गुडघे मोकळे झाले, चेहऱ्यावर तेज. ब्रुनो काट्यावर चढला आणि काटा पहिल्यापेक्षा पुढे गेला.

खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. आबा फिरायला जायचे ते थेट फाफडा-जिलेबीच्या गाडीवर. तिथे जुने मित्र बसतात. आबांना गोड बंद. पण काही न घेता गाडीवर बसून राहणं बरं दिसत नाही ना! मग आबा रोज एक प्लेट घ्यायचे आणि ब्रुनोसमोर धरायचे.

"मी एक तुकडा खाल्ला नाही, डॉक्टर," आबा छातीवर हात ठेवून म्हणाले. सरांना त्यांचं कौतुक करावं लागलं.

*

आता दोंडाईच्याच्या अक्का. पुढची अर्धी गोष्ट त्यांचीच आहे, म्हणून जरा नीट सांगते.

स्टेशनपासून जवळ त्यांचं बसकं घर. पुढे अंगण, मागे कडुनिंब. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा नितीन पुण्यात नोकरीला, आणि त्याच्या फ्लॅटमध्ये अक्कांसाठी एक खोली कधीची तयार. खिडकीतून बाग दिसते. पलंग घातलाय, देवघर केलंय. पोरगा खरंच गुणी. अक्का एकदा बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या, तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर. आई, आता चल, म्हणून मागे लागला.

अक्कांचं अहिराणीतलं उत्तर ठरलेलं. "शेरू शे ना घरमा. तेले कोणावर टाकू?"

नितीननं शेरूलाही न्यायची तयारी दाखवली. एकदा दोघांना घेऊन गेलाही. तिथे शेरूनं अन्न सोडलं आणि अक्कांनीही. कुणी कुणामुळे सोडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण दोघांना परत आणून सोडावं लागलं. मग माय-लेकात तोंडी करार झाला. शेरू आहे तोवर अक्का दोंडाईच्यात. शेरू गेला की पुण्यात, आणि मग कुरकुर नाही.

शेरू म्हणजे स्टेशनामागचं गावठी कुत्रं. तांबूस अंग, छातीवर पांढरा डाग, कान पडलेले. आम्ही पहिल्यांदा बघितला तेव्हाच तो तेरा-चौदाचा असेल. एका डोळ्यात मोतीबिंदू.

सरांचं शास्त्र अख्ख्या खान्देशात मनापासून पाळणारी एकच बाई निघाली, ती म्हणजे अक्का. जेवण मापून. टोस्ट बंद. रोज फडक्यानं दात पुसणं. सकाळी स्टेशनपर्यंत, संध्याकाळी बाजारापर्यंत फेरी. निम्मे शहाणे लोक स्वतःच्या बीपीची गोळी विसरतात, पण अक्का शेरूची सांधेदुखीची गोळी कधी विसरल्या नाहीत. सर सगळीकडे त्यांचं उदाहरण द्यायचे. श्वानप्रेम बघा, म्हणायचे. मी गप्प बसायचे, कारण मला आतली गोष्ट माहीत होती. अक्का शेरूला जगवत होत्या आणि शेरू अक्कांचं घर जगवत होता.

तपासून झालं की अक्का मला ओट्यापर्यंत सोडायला येत आणि हळूच विचारत, किती जगेल गं माय? मी म्हणायचे, नीट सांभाळताय, अजून काढेल. मग व्हॅन गावाबाहेर पडते न पडते तोच नितीनचा फोन. शेरूची चौकशी, आईची चौकशी, आणि शेवटी घसा खाकरून तोच प्रश्न.

"मॅडम, साधारण किती?"

मी दोघांना एकच उत्तर द्यायचे. ऐकून दोघंही सुस्कारा टाकायचे.

*

धुळ्याला एका सभागृहात सरांचं व्याख्यान होतं. म्हाताऱ्या कुत्र्यांचाही विसरभोळेपणा वाढतो, आणि तो साध्या चाचणीत ओळखता येतो, हा विषय. तीन वाट्या पालथ्या घालायच्या, कुत्र्याच्या डोळ्यांदेखत एकीखाली बिस्कीट ठेवायचं, जरा वेळ जाऊ द्यायचा आणि कुत्र्याला सोडायचं. त्याला आठवलं तर मेंदू शाबूत.

सरांनी स्टेजवर एका म्हाताऱ्या पॉमेरियनसमोर बिस्कीट ठेवलं. आता मधला वेळ भरायचा म्हणून सर मेंदूवर बोलायला लागले. सरांना माइक आणि मेंदू एकदम मिळाला की संपलंच. भाषण रंगलं, टाळ्या पडल्या, मग सर वळले आणि म्हणाले, आता बघा, बिस्कीट आहे या मधल्या वाटीखाली. आपण याला सोडू.

कुत्रं सरळ डावीकडच्या वाटीकडे गेलं. सर हळहळले. लोकांना म्हणाले, पाहिलंत, असं होतं, बिचाऱ्याचं वय झालं. तोवर बिचाऱ्यानं डावी वाटी उलथवून बिस्कीट खाल्लं होतं.

पहिल्या रांगेतून सलीमभाईंनी विचारलं, "सर, निकाल कोणाच्या नावावर टाकायचा?"

*

सगळ्यात गाजलेलं प्रकरण सावद्याचं. तिथे एका भाऊंचा केळीचा मळा आहे. मळ्याच्या फाटकावर बांधलेला कुत्रा, मोत्या. सरांनी वय विचारलं. भाऊ म्हणाले, वय काही लक्षात नाही, पण आमचा धाकटा जन्मला त्या वर्षी आणला.

धाकटा समोरच उभा होता. मिशा असलेला. त्याच्या लग्नाची सुपारी फुटलेली.

सर कुत्र्याजवळ गुडघ्यावर बसले. घरातल्या एकेकाला वेगवेगळं विचारलं, साक्षी फुटू नयेत म्हणून. भाऊंची आई म्हणाली, मी दवाखान्यात होते तेव्हा हाच मोत्या दारात बसून होता. वहिनी म्हणाल्या, मी लग्न होऊन आले तेव्हा मोत्यानंच साडी धरली. जुना गडी म्हणाला, माझा बाप कामाला होता तेव्हापासून मोत्या आहेच. सगळ्यांचं एकमत! आणि मोत्या बघावा तर काळाभोर, तोंडावर एक पांढरा केस नाही, दात मोत्यासारखे. सरांना काय, ढगांवर पाय. केळ्यात काही आहे का, पाण्यात काही आहे का, माती न्यावी का, इथपर्यंत गाडी गेली. डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिथूनच फोटो टाकला. खान्देशात वार्धक्यावर मात! अभिनंदनाचे फुगे वर चढायला लागले.

मला दात बघून शंका येत होती. मी म्हटलं, भाऊ, याला जेमतेम तीन वर्षं झाली असतील.

"हो ना," भाऊ सहज म्हणाले. "हा तीनच वर्षांचा."

मग कळलं. मळ्याच्या फाटकावरचा कुत्रा म्हणजे मोत्या. एक जातो, दुसरा येतो, नाव तेच, पट्टा तोच, ताटली तीच, आणि शक्यतो काळाच बघून आणतात. त्यात लपवाछपवी काही नाही. गावातल्या निम्म्या मळ्यांत हेच चालतं. सरांनी कसंबसं विचारलं, मग पहिला मोत्या मेला कधी?

भाऊ चमकले. घरातले सगळेच एकमेकांकडे बघायला लागले.

"मेला?" भाऊंची आई म्हणाली. "मोत्या कसा मरेल?"

परतीच्या रस्त्यावर सर भाऊंनी दिलेली केळ्याची फणी मांडीवर घेऊन बसले होते. ग्रुपवर फुगे येतच होते. सलीमभाईंनी आरशातून बघत सल्ला दिला, सर, पुसायचं असेल तर सगळ्यांसाठी पुसा, नुसतं आपल्याकडून पुसून उपयोग नाही.

*

हा मोत्याचा किस्सा मी अक्कांना सांगितला. सांगायला नको होता असं मी अजूनही म्हणणार नाही. शेरू तेव्हा फारच थकला होता. मागचे पाय ओढायचा. अक्कांचा चेहरा उतरलेला, म्हटलं, थोडं हसवावं. मोत्या कसा मरेल, हे ऐकून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि बराच वेळ शेरूकडे बघत बसल्या. शेवटी विचारलं, पट्टा पण तोच का गं?

नंतर मधे सरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि आमच्या फेऱ्या बंद पडल्या. दोन-अडीच महिन्यांनी आम्ही पुन्हा दोंडाईच्याला गेलो. दार उघडंच होतं. अक्का अंगणात बसलेल्या, आणि त्यांच्या चपलेशी झुंजत होतं एक चार-पाच महिन्यांचं पिल्लू. तांबूस अंग, छातीवर पांढरा डाग. स्टेशनामागची सगळी कुत्री एकाच घराण्यातली, रंग चुकत नाही. गळ्यात शेरूचा पट्टा, अर्धा लोंबत होता.

मी काही बोलायच्या आत अक्कांनी सांगितलं, "हाऊ शेरू शे."

आणि अगदी सरळ चेहऱ्यानं पुढे म्हणाल्या, "देख, वजन कमी व्हयनं ना?"

मी सरांकडे बघितलं, सर काट्याकडे बघायला लागले. अक्कांचं उसनं अवसान तेवढ्यातच संपलं. त्यांनी मागच्या कडुनिंबाकडे बोट दाखवलं. शेरू झोपेत गेला होता. शेजारच्या पोरांनी खड्डा खणून दिला. आठवडाभर त्यांना घास गेला नाही. पण नितीनला सांगितलं तर तो त्याच आठवड्यात गाडी घेऊन येणार, आणि दिलेला शब्द मोडायची त्यांना सवय नाही. माझा हात धरून त्या रडल्या. हे घर, हे अंगण, समोरच्या बाया, संध्याकाळची बाजारापर्यंतची फेरी, एवढंच तर आहे माझं, म्हणाल्या. मीही रडले.

सलीमभाई गाडीतून टोच्या घेऊन आले. त्यांनी पट्ट्याला आतल्या बाजूनं एक नवं भोक पाडलं आणि पट्टा पिल्लाच्या गळ्यात नीट बसवला.

गाडीत सरांनी वहीतलं शेरूचं पान काढलं. मग म्हणाले, शास्त्राच्या दृष्टीनं ही केस बाद. साक्रीच्या फाट्याला चहा घेतला तेव्हा आणखी एक वाक्य बोलले. "आणि तो मुलगा फोन करेल तेव्हा मला देऊ नका."

*

फोन मलाच आला. आम्ही जामनेरहून परतत होतो. स्क्रीनवर नाव बघून सलीमभाईंनी आपण होऊन गाणी बंद केली. मागच्या सीटवर सर तातडीनं झोपी गेले.

नितीननं आधी सरांच्या ऑपरेशनची चौकशी केली. मग म्हणाला, काल व्हिडिओ कॉलवर शेरू दिसला. आईनं जरा लांबूनच दाखवला. तब्येत एकदम सुधारल्यासारखी वाटली.

मी म्हटलं, अक्का काळजी फार घेतात.

"मॅडम, त्याचे कान पडलेले होते. काल उभे होते."

"रोजचं फिरणं ठेवलं की फरक पडतो," मी म्हणाले. पदवीला स्मरून सांगते, म्हणताना माझे स्वतःचे कान तापले होते.

"डोळ्यातला मोतीबिंदूही दिसला नाही."

"आहार," मी म्हटलं.

तिकडे किल्ल्यांचा आवाज झाला. मला वाटलं, संपलं. आता हा गाडी काढणार.

"आई सांगत होती, त्याचे दात पडायला लागलेत," नितीन सावकाश म्हणाला. "मी म्हटलं, वय झालं आता त्याचं. तर म्हणाली, हो, पण त्या जागी नवे येतायत. आणि हसत सुटली. बाबा गेल्यापासून तिला इतकं हसताना मी बघितलं नव्हतं."

माझ्याकडे यावर आहार-व्यायाम काही उरलं नव्हतं.

"मॅडम, त्याच्या लसी राहिल्या असतील ना? त्या सगळ्या देऊन टाका. पहिल्यापासून."

देते, मी म्हटलं.

मग त्यानं नेहमीसारखा घसा खाकरला.

"साधारण किती?"

"नीट सांभाळलं तर चौदा-पंधरा वर्षं."

"बरं," नितीन म्हणाला. "मग ती खोली पोरीला देऊन टाकतो अभ्यासाला."